घरातील परवान्याच्या रिव्हॉल्वरसाठी झटकन उघडणारी तिजोरी कोणती घ्यावी?

वडगाव_बुद्रुक (प्रश्न)

नमस्कार. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात आमची आडत आहे. रोख रकमेची ने-आण करावी लागत असल्यामुळे माझ्याकडे पॉइंट ३२ बोअरचे रिव्हॉल्वर रीतसर परवान्यावर आहे. त्याच परवान्यावर बारा बोअरची एक दुनळी बंदूकही आहे. ती मूळची वडिलांची, त्यांच्या पश्चात वारस म्हणून माझ्या नावावर चढलेली. आजवर दोन्ही शस्त्रे जुन्या घरातील लोखंडी कपाटात, आतल्या खणाला वेगळे कुलूप लावून ठेवली जात होती. आता आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका सोसायटीत राहायला आलो आहोत आणि ते कपाट येथील शयनगृहात मावत नाही. पत्त्यातील बदलाची नोंद परवान्यावर करून घेतली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. घरात सहा वर्षांचा मुलगा, नववीत शिकणारी मुलगी, पत्नी आणि आई आहेत.

रिव्हॉल्वरसाठी लहान, भिंतीत किंवा कपाटात बसवता येईल अशी तिजोरी घ्यावी असा विचार आहे. बोहरी आळीतील दोन-तीन दुकानांत चौकशी केली, तेव्हा प्रत्येकाने बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरीच पुढे केली आणि ती ‘अर्ध्या सेकंदात’ उघडते हे आवर्जून सांगितले. इंटरनेटवर मात्र अशा तिजोऱ्यांबद्दल उलटसुलट वाचायला मिळते. बोटाचा ठसा, आकड्यांचा कीपॅड, यांत्रिक बटणे आणि साधी किल्ली यांपैकी कशावर विश्वास ठेवावा, पत्रा किती जाडीचा असावा, आणि पत्नीला आकडा सांगून ठेवावा की नाही, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. बंदुकीची सोय कशी करावी हेही सुचवावे. एकूण खर्च पंचवीस हजारांच्या आत बसल्यास बरे.

कुलूपकिल्ली

माझा व्यवसायच कुलपांचा असल्यामुळे दुकानदार काय सांगतात यापेक्षा दाराच्या आत काय असते यावरून लिहितो.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त डिजिटल तिजोऱ्यांत मूठ फिरवून आपणच बोल्ट, म्हणजे दार अडवून धरणारा लोखंडी दांडा, मागे नेतो. मूठ अडवून धरण्याचे काम स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी पिन करते आणि योग्य आकडा दाबल्यावर सोलेनॉइड, म्हणजे विजेचे एक वेटोळे, त्या पिनेला क्षणभर मागे ओढते. ही पिन इतकी हलकी असते की तिजोरी नुसती मोकळी ठेवलेली असेल, तर ती उचलून आपटल्यावर किंवा वरून जोराचा ठोसा मारल्यावर पिन धक्क्यानेच मागे सरकते आणि त्याच क्षणी मूठ फिरवली तर दार उघडते. अमेरिकेत २०१२ मध्ये कुलपांच्या एका अभ्यासकाने बंदुकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लहान तिजोऱ्या तीन वर्षांच्या मुलालाही उघडता येतात हे जाहीरपणे दाखवून दिले होते, आणि त्यातील काही प्रकार याच दोषाचे होते. म्हणून माझी पहिली अट अशी की बोल्ट मोटरने किंवा यांत्रिक पद्धतीने सरकणारा असावा, धक्क्याने हलणाऱ्या पिनेवर अवलंबून नसावा. दुकानात याची परीक्षा करता येते: तिजोरी बंद करून, एका हाताने मूठ उघडण्याच्या दिशेने दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने वरून आणि बाजूंनी मुठीने ठोकावे. दुकानदाराने हे करू दिले नाही, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

आता बोटाच्या ठशाबद्दल. ठसा ओळखणाऱ्या यंत्रात दोन चुका संभवतात: मालकाला नाकारणे आणि परक्याला स्वीकारणे. सेन्सर कडक ठेवला तर पहिली चूक वाढते, सैल ठेवला तर दुसरी. स्वस्त तिजोरी बनवणाऱ्याकडे ‘उघडत नाही’ म्हणून परत येणारा माल जास्त असतो आणि ‘दुसऱ्याच्या बोटानेही उघडते’ ही तक्रार करणारे कमी, कारण तसे कोणी करूनच पाहत नाही. त्यामुळे उत्पादकाचा कल कुठे झुकेल हे सांगायला नको. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पोती, सुतळी, कांद्याची माती हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, आणि पावसाळ्यात बोट ओले असले तर चांगला सेन्सरसुद्धा अडतो.

याहून गंभीर प्रकार ऑक्टोबर २०२३ मध्ये समोर आला. अमेरिकेतील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने एका कंपनीच्या सुमारे ६१,००० ठसा-तिजोऱ्या बाजारातून परत बोलावल्याचे जाहीर केले. कारण असे होते की मालकाने ठसे नोंदवले आहेत असे त्याला वाटत असले, तरी तिजोरी कारखान्यातून आलेल्या अवस्थेतच राहू शकत होती, आणि त्या अवस्थेत कोणाच्याही बोटाने दार उघडत असे. बारा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूचा दावा त्या प्रकरणात दाखल होता. पुढील वर्षी आणखी काही नाममुद्रांच्या तिजोऱ्या जवळपास याच कारणाने परत बोलावल्या गेल्या. यातील पुष्कळसा माल वेगवेगळ्या नावांनी एकाच धाटणीचा असतो, त्यामुळे भारतात मिळणारी तिजोरी त्या जातीची नाही असे नाव वाचून ठरवता येत नाही. ठशाची तिजोरी घ्यायचीच असेल, तर ठसे नोंदवल्यानंतर घरातील प्रत्येकाची दहाही बोटे लावून पाहिल्याशिवाय ती वापरात आणू नये, आणि सेल बदलल्यावर पुन्हा तीच तपासणी करावी.

माझी शिफारस पाच यांत्रिक बटणांच्या कुलपाची आहे. त्याला सेल लागत नाही, सेन्सर नाही, अंधारात बोटांच्या सवयीने उघडते, आणि वर्षानुवर्षे टिकते. पत्रा निदान १४ गेजचा, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर असावा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो; १८ गेजचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने उचकटता येतो. दाराच्या फटीत नख शिरत असेल तर ती तिजोरी सोडून द्यावी.

निवृत्त_औंध

माझी बहुतेक नोकरी शस्त्रागाराशी संबंधित होती, त्यामुळे मी परवान्याच्या आणि घरातील माणसांच्या बाजूने बोलतो; कुलपाच्या आतले वरच्या सदस्यांनी चांगले सांगितले आहे.

पत्नीला आकडा सांगू नये. विश्वासाचा हा प्रश्नच नाही. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, कुटुंबाच्या नावाने नाही, आणि ज्याच्याकडे तिजोरी उघडण्याचे साधन आहे त्याच्या ताब्यात शस्त्र आहे असे कोणी म्हणू शकते. परवाना मागताना आपण शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र दिलेले असते. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्याहून मोठा तोटा म्हणजे परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, म्हणजे तुमची मर्यादा आताच भरलेली आहे; त्यातील एक शस्त्र गेले तर त्याचा हिशेब नूतनीकरणाच्या वेळी विचारला जाईलच, पण त्याआधी हरवल्याची खबर पोलीस ठाण्यात ताबडतोब द्यावी लागते.

मग तुम्हाला काही झाले तर तिजोरी कोण उघडणार, हा पुढचा प्रश्न. बहुतेक डिजिटल तिजोऱ्यांबरोबर आपत्कालीन किल्ली येते, आणि ती किल्ली लोक कपाटाच्या वर, देव्हाऱ्याच्या खणात किंवा, हसू नका, त्याच तिजोरीत ठेवतात. ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. लॉकरमध्ये शस्त्र ठेवता येत नाही, किल्ली ठेवता येते. लॉकर पती-पत्नींच्या संयुक्त नावाने असेल तर प्रसंग आल्यावर पत्नीला बँकेत जाऊन ती आणता येईल, शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येईल, आणि एरवी रात्री-अपरात्री कोणाच्या हाती ती लागणार नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर पोलीस ठाण्याची पावती परवान्याबरोबरच, पण तिजोरीच्या बाहेर ठेवावी, कारण शस्त्र परत घेताना ती दाखवावी लागते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहितो, कारण या विषयावर बोलताना सगळे फक्त लहान मुलाचा विचार करतात. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला बंद दार अडवू शकेल. नववीतील मुलीच्या बाबतीत दाराबरोबर आकड्याचाही विचार करावा लागतो. या वयातील मुले हुशार असतात, घरातील सगळ्यांच्या जन्मतारखा, गाडीचे क्रमांक, मोबाइलचे पिन त्यांना पाठ असतात, आणि अभ्यासाचा, निकालाचा, मैत्रीतील भांडणाचा ताण त्यांच्यावर असतो जो आपल्याला दिसतोच असे नाही. अशा एखाद्या वाईट तासात शस्त्र हाताशी नसणे फार मोलाचे असते. घरात कोणीही, मोठे माणूससुद्धा, मनाने खचलेले असेल तर तिजोरीची चर्चा बाजूला ठेवून शस्त्र काही काळ रीतसर जमा करून टाकावे.

एरंडवण्याचा_वाचक

मला मूळ प्रश्नच नीट कळलेला नाही. परवाना रोख रकमेच्या ने-आणीसाठी आहे, म्हणजे शस्त्राची गरज रस्त्यावर आहे. चौकीदार असलेल्या सोसायटीत, घरात शिरल्यावर ते अर्ध्या सेकंदात बाहेर काढण्याची वेळ कोणावर येणार आहे? मदत हवी असेल तर ११२ क्रमांक आहे. साधी, जाड, किल्लीची तिजोरी घ्यावी आणि ‘झटकन’ हा शब्द डोक्यातून काढून टाकावा.

वडगाव_बुद्रुक

सर्वांचे आभार. एरंडवण्याच्या सदस्यांचा आक्षेप रास्त आहे, पण पूर्ण नाही. रात्री चोर आला तर रिव्हॉल्वर काढावे असा माझा विचार कधीच नव्हता. मी पहाटे अंधारातच यार्डात जायला निघतो आणि दुपारी थकून परततो. जुन्या किल्लीच्या कपाटाचा अनुभव असा की काढताना कोणी कंटाळा करत नाही, कारण बाहेर जायचे असते. कंटाळा येतो तो परत ठेवताना. जेवण वाढलेले असते, फोन वाजत असतो, किल्ली दुसऱ्या पॅन्टच्या खिशात राहिलेली असते, आणि ‘जेवून ठेवू’ म्हणून शस्त्र कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. घरात मुले असताना तो अर्धा तास मला सर्वांत धोकादायक वाटतो. म्हणून दारातून आत येताच, चप्पल काढण्याआधी, एका हाताने उघडता आणि बंद करता येईल अशी तिजोरी मला हवी आहे. पहाटे घर झोपलेले असताना ती पीं-पीं आवाज करत उघडू नये, ही दुसरी अपेक्षा.

निवृत्त सदस्यांनी मुलीबद्दल लिहिलेले मी दोनदा वाचले आणि पत्नीलाही वाचायला दिले. आकडा न सांगण्यावर आणि किल्ली लॉकरमध्ये ठेवण्यावर आमचे एकमत आहे.

आता यांत्रिक बटणांच्या तिजोरीकडे माझा कल झुकला आहे. ती भिंतीत कशी आणि कुठे बसवावी? आमच्या इमारतीत बाहेरच्या भिंती कशाच्या आहेत हे मला माहीत नाही. खिळा मात्र फार सहज आत जातो.

गणिताची_शिकवणी

यांत्रिक बटणांबद्दल एक हिशेब मांडतो. अशा पाच बटणांच्या कुलपात प्रत्येक बटण एकदाच वापरता येते, मात्र दोन किंवा अधिक बटणे एकत्र दाबता येतात. एका बटणाच्या ५, दोन बटणांच्या ३०, तीन बटणांच्या १३०, चारांच्या ३७५ आणि पाचही बटणांच्या ५४१, अशा सर्व मिळून १,०८१ जुळण्या होतात. एका जुळणीला पाच सेकंद धरले तर सगळ्या तपासायला दीड तास लागतो, आणि सरासरीने त्याच्या निम्म्या वेळातच खरी जुळणी सापडते. या कुलपांना चुकीच्या प्रयत्नांची आठवण नसते. ती थांबवत नाहीत, कोणाला कळवत नाहीत. सहा वर्षांच्या मुलासमोर हे कुलूप भक्कम आहे, परंतु आई-वडील घरी नसताना वही-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या नववीतल्या मुलीसमोर नाही. माझ्याकडे येणारी किमान चार मुले तरी हे केवळ गंमत म्हणून करतील.

सहा आकडी इलेक्ट्रॉनिक कीपॅडमध्ये दहा लाख जुळण्या असतात आणि बहुतेक कीपॅड काही चुकीच्या प्रयत्नांनंतर काही मिनिटे बंद पडतात. तेथे एकेक करून पाहण्याचा मार्ग संपतो. उरतो तो अंदाज करण्याचा, आणि तो आकडा निवडणाऱ्याच्या हातात आहे.

कुलूपकिल्ली

हिशेब बरोबर आहे आणि या घरासाठी माझी शिफारस बदलावी लागेल. यांत्रिक कुलूप टिकाऊपणात वरचढ आहे, पण धीराने बसलेल्या माणसाला ते रोखत नाही. मी असे सुचवेन: रिव्हॉल्वर मोटरने सरकणाऱ्या बोल्टच्या, सहा आकडी, चुकीच्या प्रयत्नांनंतर बंद पडणाऱ्या आणि आवाज बंद करता येणाऱ्या कीपॅडच्या तिजोरीत ठेवावे, काडतुसे वेगळ्या जागी, यांत्रिक बटणांच्या लहान लोखंडी पेटीत ठेवावीत. एक कुलूप कोणी जिंकले तरी दुसरे वेगळ्या जातीचे आहे. परतल्यावर काडतुसे काढून पेटीत आणि रिव्हॉल्वर तिजोरीत, हे सर्व मिनिटभराच्या आत होते, तेव्हा ‘जेवून ठेवू’ म्हणण्याचे कारण उरत नाही.

भरलेले रिव्हॉल्वर तिजोरीत ठेवू नये. चापाला लावायचे कुलूप जास्तीची काळजी म्हणून घेणार असाल, तर तेही रिकाम्या शस्त्रालाच लावावे; भरलेल्या शस्त्रावर ते बसवताना चाप दाबला जाऊ शकतो.

कारखान्याचा मूळ आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. काही तिजोऱ्यांत मालकाच्या आकड्याशिवाय एक वेगळा मुख्य आकडाही असतो, तो हॉटेलांसाठी ठेवलेला असतो आणि घरगुती ग्राहकाला कोणी सांगत नाही. माहितीपुस्तिकेत तो शोधून तोही बदलावा, आणि बदलता येत नसेल तर ती तिजोरी घेऊ नये. कीपॅड अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसावा, कारण रोज दाबल्या जाणाऱ्या बटणांवर तेलकट डाग आणि झीज दिसते व कोणते आकडे वापरात आहेत ते वाचता येते.

भिंत_आणि_बीम

बांधकाम हा माझा विषय आहे, म्हणून भिंतीबद्दल लिहितो.

खिळा सहज आत जातो याचा अर्थ बहुधा भिंत हलक्या ब्लॉकची आहे, ज्याला पुण्यात सरसकट सिपोरेक्स म्हटले जाते. या ब्लॉकमध्ये साधा अँकर फास्टनर धरत नाही. तो घट्ट करताना आत फुगतो आणि ब्लॉकच चुरतो. वरून पक्का वाटला तरी पहारीच्या दोन हिसक्यांत तिजोरी भिंतीसकट हातात येते. त्यामुळे शक्यतो आरसीसीचा कॉलम, बीम किंवा कॉंक्रीटची भिंत शोधावी. अलीकडे पुण्यात ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या पूर्ण कॉंक्रीट भिंतींच्या इमारती पुष्कळ झाल्या आहेत. तेथे हा प्रश्न येत नाही, मात्र त्या भिंतींत विजेच्या नळ्या आधीच पुरलेल्या असतात, त्यामुळे नकाशा पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नये. कॉलममध्ये छिद्र करतानाही ते उथळ ठेवावे आणि सळईला धक्का लागला तर तेथेच थांबून जागा बदलावी. स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील, म्हणजे इमारत पोस्ट-टेन्शन पद्धतीची असेल, तर जमिनीत वा छतात छिद्र करणे पूर्णपणे वर्ज्य आहे. हे सोसायटीच्या कागदपत्रांत किंवा बांधकाम व्यावसायिकाकडे विचारून कळते.

कॉंक्रीट जवळ नसेलच, तर ब्लॉकच्या भिंतीत रासायनिक अँकर वापरावा. त्यात छिद्रात राळ भरून रॉड बसवतात, त्यामुळे ब्लॉकवर फुगण्याचा ताण येत नाही. तिजोरीच्या पाठीमागे आणि तळाशी, दोन्हीकडे छिद्रे असलेली तिजोरी निवडावी आणि दोन दिशांनी चार बोल्ट लावावेत. मागचा पत्रा पातळ असेल तर बोल्टच्या डोक्याखाली मोठी लोखंडी पट्टी घालावी, नाहीतर पत्राच फाटून बोल्ट भिंतीत राहतात.

जागेबाबत: स्नानगृहाला लागून असलेली भिंत टाळावी, ओल येते. दारातून आत येताच ठेवायचे म्हणून पादत्राणांच्या कपाटात तिजोरी बसवण्याचा मोह होईल, तोही टाळावा, कारण तेथे येणारा प्रत्येक पाहुणा वाकून पाहतो. शयनगृहातील भिंतीतल्या कपाटात, खांद्याच्या उंचीवर, कपड्यांच्या मागे ती असावी. आणि फर्निचर करणाऱ्या सुताराला ती कशासाठी आहे हे सांगू नये. दागिन्यांसाठी म्हणणेही बरे नाही, कागदपत्रांसाठी म्हणावे.

बालेवाडी_नेमबाज

बंदुकीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. दुनळी बंदूक सहज तीन भागांत सुटते: नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता. अखंड बंदूक चार फुटांच्या आसपास असते आणि तिच्यासाठी उंच कपाट लागते, पण सुटी केल्यावर सर्वांत लांब भाग म्हणजे नळ्या, आणि त्या साधारण २८ ते ३० इंचांच्या असतात. तुमच्या वापरात ती रोज नसल्यामुळे ती सुटी करून, नळ्या आणि दस्ता एका लांबट लोखंडी खणात आणि पुढचा लाकडी भाग काडतुसांच्या पेटीशेजारी वेगळ्या कुलपात ठेवावा. तो भाग नसेल तर बंदूक नीट जोडली जात नाही. यासाठी झटकन उघडणाऱ्या कशाचीही गरज नाही. चांगल्या लिव्हरच्या कुलपाचे जाड कपाट पुरेसे आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात बंद तिजोरीत गंज फार लवकर धरतो, विशेषतः घामेजल्या हाताने शस्त्र आत ठेवले जाते तेव्हा. ठेवण्यापूर्वी तेलाचा हलका हात फिरवावा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या रंग बदलल्यावर वाळवून पुन्हा वापराव्यात. चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवून तिजोरी बंद करू नये, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने धातूला लागतात. आतला स्पंज जाड असेल तर तोही दमट राहतो. दर महिन्याला काढून पाहावा.

तिजोरी आणल्यावर पहिला आठवडा रिकामीच वापरावी. रोज पहाटे आणि दुपारी, दिवा न लावता, उघडून बंद करावी. हाताला सवय झाली नाही किंवा तिजोरी एकदाही अडली, तर बदलून घेता येते. शस्त्र आत अडकल्यावर हे सुचत नाही.

वडगाव_बुद्रुक

कपाटाच्या मागे कॉलम असल्याचे सोसायटीच्या नकाशावरून कळले, त्यामुळे जागा ठरली. बोहरी आळीत पुन्हा जाऊन मोटरच्या बोल्टच्या दोन तिजोऱ्या पाहिल्या. एका दुकानदाराने ठोकून पाहू दिले, दुसऱ्याने नाही. बंदूक सुटी करून ठेवण्याची सूचना पटली, तिच्यासाठी वेगळे कपाट करून घेतो. एकच शंका राहिली आहे: सेल संपले आणि किल्ली बँकेत असली, तर सुट्टीच्या दिवशी काय करावे?

कुलूपकिल्ली

बाहेरून वीज देण्याची सोय असलेलीच तिजोरी घ्यावी; कीपॅडखाली नऊ व्होल्टच्या सेलसाठी दोन टोके किंवा यूएसबीची खाच असते, तेथून वीज दिली की आतले सेल संपलेले असतानाही आकडा चालतो. तसा एक सेल घरात वेगळा ठेवावा. आतमध्ये अल्कलाइन सेलच घालावेत. साधे झिंक-कार्बनचे सेल संपत आले की गळतात आणि सर्किट खराब करतात. दिवा लाल होण्याची वाट न पाहता दर वर्षी ठरलेल्या दिवशी ते बदलावेत. खंडेनवमीला शस्त्राची पूजा करत असालच. तो दिवस सोयीचा पडेल, शस्त्र त्या दिवशी बाहेर असतेच.

ज्याने ठोकून पाहू दिले त्याच्याकडून घ्या, आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.